तुमचं किती आलं, बाई?

घाण पाण्यावर दिवाळी अंकात कुणी लिहितं का? संपादकांना मी फोनवर हेच विचारलं. ते म्हणाले, "लिहा हो बाई. बँकवाले, मास्तर, पोलीस, सगळ्यांचं छापून झालंय." म्हणजे आमचा नंबर सगळ्यांच्या शेवटी. असू दे. आमचं कामही सगळ्यांच्या शेवटचंच होतं.

वसई पूर्वेला गाळ्यागाळ्यांतून प्लेटिंगची कामं चालतात. नळाच्या तोट्या, दाराच्या मुठी, बाथरूममधल्या टॉवेल टांगायच्या दांड्या. तुमच्या घरात जे जे चकाकतं, त्यातल्या बऱ्याच वस्तूंवर क्रोमचा पातळ थर असतो. थर चढवून झाला की वस्तू धुवायची, आणि त्या धुण्याचं पाणी पिवळंजर्द होतं. दिसायला सरबत, आतून विष. ते पाणी टँकरने आमच्याकडे, म्हणजे घाण पाणी साफ करायच्या फॅक्टरीत यायचं. आम्ही त्याला ताळ्यावर आणून नाल्यात सोडायचो आणि नाला पुढे खाडीला मिळायचा. मी तिथली केमिस्ट. नोकरीला लागले तेव्हा पाठीवर वेणी होती, सुटले तेव्हा गुडघ्याला पट्टा.

आता थोडी शाळा घेते, पळू नका. पिवळ्या क्रोममध्ये आधी ॲसिड आणि मग बायसल्फाईट नावाची पांढरी पूड घातली की तो हिरवा होतो, म्हणजे निवतो. मग चुना घातला की हिरवा गाळ तळाला बसतो आणि वर नितळ पाणी राहतं. सोपं वाटलं ना? पूड कमी पडली तर विष तसंच राहतं. जास्त झाली तर काडेपेट्यांची अख्खी पेटी एकदम पेटवल्यासारखा वायू उठतो आणि सगळी फॅक्टरी छाती धरून गेटबाहेर. म्हणून नेमकी हवी. क्रोमच्या दोन कणांना बायसल्फाईटचे तीन कण लागतात. दोनाला तीन, हा आमचा पाढा.

पण कण काही हातात धरून मोजता येत नाहीत. मग काय करायचं? असं बघा, डझनभर वेलची केळी आणि डझनभर नारळ, दोन्ही बाराच. पिशवी उचलली की मात्र कळतं फरक काय तो. आता दोन डझन केळ्यांबरोबर तीन डझन नारळ जायलाच हवेत असा नियम असला, आणि तुमच्याकडे मोजायला माणूस नाही, नुसता तराजू आहे, तर? एका डझनाचं वजन ठाऊक असलं की तुम्ही तराजूवरही हा नियम पाळू शकता. आमचं सगळं शास्त्र एवढंच. टाकीतल्या पाण्याला मोजणी कळायची, आमच्या काट्याला वजन कळायचं, आणि मधली दुभाषी मी.

त्यात वसईची हवा. खारी, दमट. पुडीची गोणी गणपतीत उघडली की दिवाळीपर्यंत तिचा जीव निम्मा उडालेला असायचा. दिसायला तीच, तेवढीच पांढरी. म्हणून आधी पाण्यात क्रोम किती ते तपासा, मग पुडीत दम किती ते तपासा, आणि मग हिशोब मांडा. प्रत्येक टाकीला नव्याने. कालचं उत्तर आज चालत नाही.

गिऱ्हाइकंही एकेक नमुने. तोट्या बनवणारे एक शेठ होते. टँकर भरण्याआधी ते पाण्यात नळाचं पाणी मिसळायचे आणि वर मलाच ऐकवायचे, "मॅडम, बघा ना किती लाइट कलर आहे. इसमें तो कुछ हैच नहीं." मी त्यांना म्हटलं, शेठ, चहात पाणी ओतलंत तर साखर कुठे जाते? ते म्हणाले, "फिकी होते ना." मी म्हटलं, फिकी होते, पण पूर्ण प्याल्यावर पोटात तेवढीच जाते. शेठनी मान डोलावली. मग म्हणाले, "मैं तो शक्करच नहीं लेता." आता या माणसापुढे कुठला केमिस्ट टिकणार!

पण मला लिहायचंय ते परेरांबद्दल. शेठ, टँकर, वास हे सगळं मी खरं तर वेळ काढायला सांगत होते.

परेरा माझ्या आधीपासून तिथे होते. वसईजवळच्या वटार गावचे. घरची केळीची वाडी, रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, मिस्सा, आणि सोमवार ते शनिवार आमच्या लॅबमध्ये. उंच, किडकिडीत, खिशाला नेहमी दोन पेनं. मी रुजू झाले त्या दिवशी त्यांनी मला टेबल दाखवलं. खिडकीशी माझं, भिंतीशी त्यांचं, पाठीला पाठ. मी म्हटलं, असं का? ते म्हणाले, "बाई, इथे प्रत्येक टाकीचा हिशोब दोघांनी करायचा. वेगवेगळा. एकमेकांचा कागद बघायचा नाही. झाला की दोघांनी एकदम मोठ्याने वाचायचा. जुळला तरच गोणी उघडायची."

"आणि नाही जुळला तर?"

"तर कोण चुकलं ते विचारायचं नाही. दोघांनीही पहिल्यापासून करायचा."

मला तेव्हा हे जरा अतीच वाटलं होतं. फर्स्ट क्लासमध्ये बी.एस्सी. झालेली मी, मला कसली तपासणी? पण त्यांचं म्हणणं असं, की माणूस आपली चूक दुसऱ्यांदा वाचतो तेव्हा तीच बरोबर आहे असं वाचतो. दुसऱ्या डोक्याला ती सवय नसते. ते भांडून पटवायचे नाहीत. नुसते म्हणायचे, "करा तर खरं."

मग सुरू झालं. टाकी भरली की हरेश्वर दारात यायचा. हरेश्वर म्हणजे आमचा टाकीवरचा माणूस. खाडीकाठच्या गावचा, भाऊ त्याच खाडीत जाळी लावायचे. "बाय, टाकी भरली. पानी जाम पिवला हाय," एवढं सांगून तो बाहेर बिडी ओढत बसायचा. आत आम्ही पाठीला पाठ लावून. ब्युरेटच्या काचनळीतून थेंब सोडायचे, रंग पालटला की आकडा टिपायचा, मग पेनांचा आवाज. "झालं, बाई?" "झालं." आणि मग दोघं एकदम, "बेचाळीस किलो!" किंवा "साडेअडतीस!" जे काय असेल ते. दोन आवाज, एक आकडा. वाचून झाल्यावर परेरा हमखास खुर्ची वळवून हसायचे, जणू लॉटरी लागली. इतकी वर्षं रोज तेच, तरी रोज हसायचे.

आमच्या ह्यांना मी घरी सांगायची. हे म्हणायचे, "लग्न माझ्याशी लागलं आणि आकडे परेराशी जुळतात. गुरुजींनी पत्रिका भलतीचीच बघितली वाटतं." मी हसायची. पण खरं सांगू? घरात भाजीला मीठ किती, यावरसुद्धा आमचं दोघांचं कधी एकमत झालं नाही. आणि तिकडे एक माणूस भिंतीकडे तोंड करून बसलेला, मला न बघता, माझ्याच उत्तरापाशी येऊन थांबायचा. याला काय म्हणतात मला माहीत नाही. तसलं काही नव्हतं, उगाच भुवया उडवू नका. पण काहीच नव्हतं असंही नाही. परेरा मागच्या पावसाळ्यात गेले. मला त्यांची आठवण येते. रोज येते, आणि दुपारी, जेव्हा टाकी भरायची वेळ असायची तेव्हा, जास्तच येते.

आमचं हे जुळणं बिघडायला लागलं एका दिवाळीच्या तोंडावर. सगळ्या गाळ्यांना घाई, टँकरवर टँकर. आम्ही आकडा वाचला आणि माझा झाला तीस, त्यांचा साडेतेरा. असा फरक कधी नव्हताच आला. नियमाप्रमाणे दोघांनी पुन्हा केला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांचाही तीस आला. मी विचारलं नाही. पण आकड्यांकडे बघूनच मला कळलं होतं की त्यांनी दोनाला तीनच्या जागी तिनाला दोन धरलं होतं. जो पाढा त्यांनी मला शिकवला, तोच उलटा.

एकदा होतं. दमलेला माणूस आहे, म्हटलं. पण मग पुन्हा झालं. मग एकदा ॲसिड आधीच घातलंय हे विसरून ते पुन्हा घालायला निघाले, हरेश्वरने हात धरला. एकदा मला म्हणाले, "बाई, बायसल्फाईटची गोणी कुठे ठेवतो आपण?" इतकी वर्षं ती त्यांच्याच टेबलामागे होती. मी नुसतं बोट दाखवलं. त्यांनी मान हलवली आणि नंतर बराच वेळ चष्मा पुसत बसले.

एक दिवस त्यांची बायको, रेजिनाबाई, फॅक्टरीच्या गेटवर आली. तिला मी लग्नकार्यात, सणाला भेटलेली. ठेंगणी, खणखणीत आवाजाची, वाडीतली केळी डोक्यावर घेऊन बाजाराला जाणारी बाई. त्या दिवशी आवाज अगदी खाली. "बाई, डॉक्टर म्हणतात डोक्याचं आहे. हळूहळू वाढणार. घरी तो माझ्या बहिणीचं नाव विसरतो. पण इथून आला की ताठ असतो. आज किती टाक्या जुळल्या ते सांगतो." मग माझा हात धरून म्हणाली, "त्याला आकडा हळूच सांगत जा ना. कोणाला कळणारे? घरी बसला तर संपेल तो."

मी तिला आत नेलं. चहा पाजला आणि बघते म्हणाले. बघते काय, डोंबल! एका बाजूला परेरा, दुसऱ्या बाजूला खाडी. मी आकडा पुरवला तर हिशोब एकाच डोक्याचा राहिला, आणि मी काही देव नाही. माझंही चुकायचं. किती वेळा परेरांच्या आकड्याने मला वाचवलं होतं! नाही पुरवला तर आज ना उद्या मालकांच्या कानावर जाणार आणि भिंतीकडचं टेबल उचललं जाणार. मी रात्रंदिवस तेच उगाळत बसले आणि काहीच केलं नाही.

आणि मग गंमत म्हणजे सगळं सुरळीत झालं. आकडे जुळायला लागले. एक आठवडा, दुसरा आठवडा, एकही चूक नाही. मी देवाचे आभार मानले. त्यांच्या आणि माझ्या, दोघांच्याही देवांचे. म्हटलं डॉक्टरला काय कळतंय.

मग माझ्या कानांनी घात केला. आम्ही एकदम वाचायचो ना, तर परेरांचा आवाज माझ्या किंचित मागून यायला लागला होता. अगदी जराच. प्रार्थनेत एखादा शब्द न येणारा माणूस जसा बाकीच्यांच्या तोंडाकडे बघून ओठ हलवतो, तसा. मी "छत्तीस" म्हटलं की मागून "…त्तीस". मी मुद्दाम थांबून बघितलं. मी थांबले की तेही थांबायचे.

मला कळून चुकलं आणि मला राग आला. हो, राग. इतक्या वर्षांचा माणूस, माझ्याशी लबाडी? मग त्याच रात्री रडूही आलं. पण खाडी रडण्याने साफ होत नाही. मला खात्री करून घ्यायची होती.

दुसऱ्या दिवशी हरेश्वर आला, "टाकी भरली" म्हणाला. आम्ही बसलो. माझं उत्तर चाळीस आलं. "झालं, बाई?" "झालं, परेरा." मी श्वास घेतला आणि मोठ्याने म्हटलं, "पंचावन्न."

"पंचावन्न," परेरा म्हणाले. खुर्ची वळवली आणि हसले.

हरेश्वर गोणी उचलायला वाकला. मी त्याला हाताने थांबवलं. "परेरा, मी चुकीचं वाचलं. मुद्दाम."

ते हसणं तसंच चेहऱ्यावर राहिलं, विझायला त्याला वेळ लागला. मी विचारलं, "तुमचं किती आलं होतं?" नियमात न बसणारा प्रश्न होता तो.

"चाळीस," ते म्हणाले.

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "चाळीस? मग पंचावन्नला हो का म्हणालात?"

"तुम्ही पंचावन्न म्हणालात म्हणून. तुम्ही चुकत नाही, बाई. मी चुकतो हल्ली." एवढं ते इतक्या साधेपणाने बोलले की हरेश्वरने तोंड फिरवलं.

बरोबर उत्तर हातात असलेला माणूस. आणि माझ्या चुकीच्या उत्तरासाठी त्याने ते सोडून दिलं! मी समजत होते की त्यांना हिशोब येत नाही म्हणून ते माझ्यामागून बोलतात. हिशोब येत होता, त्या दिवशी तरी येत होता. स्वतःवरचा विश्वास गेला होता. मी म्हटलं, "परेरा, आपण पुन्हा करू. पहिल्यापासून. नियमच आहे ना."

ते उठले. दोन्ही पेनं खिशाला लावली. "नाही बाई. मी तुमचं ऐकून बोलणार असलो तर या खोलीत एकच माणूस आहे. दोन हवेत." मग हरेश्वरला म्हणाले, "चाळीस किलो घाल. बाईंचं चाळीसच आहे." आणि मालकांच्या केबिनकडे गेले. त्यांना कुणी काढलं नाही. त्यांनीच सांगितलं की उद्यापासून येत नाही.

हरेश्वरने चाळीस किलो घातली. पाणी लगेच हिरवं झालं, चुन्याने गाळ बसला, वर नितळ पाणी. इतकं छान पाणी त्या टाकीत क्वचित दिसायचं. माझा मात्र जीव लागेना. तुम्ही म्हणाल, पस्तावलात का? तसं नाही. परत तीच वेळ आली तर मी परत पंचावन्नच म्हणेन. खाडीत हरेश्वरच्या भावांची जाळी असतात, लोक ते मासे खातात. पण ते पंचावन्न म्हणायला मीच का सापडले, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

पुढे मालकांच्या मुलाने यंत्र आणलं. टाकीत एक दांडी बुडवायची, पडद्यावर आकडा येतो, पूड आपोआप पडते. चांगलं यंत्र आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण मी सुटेपर्यंत हिशोब करून मोठ्याने वाचायची सवय गेली नाही. हरेश्वर एकदा म्हणाला, "बाय, कोनाला सांगताव?" मी म्हटलं, तुला. तो म्हणाला, "मना काय कलतंय त्यातला?" आणि तरी तो उभा राहून ऐकायचा. भला माणूस.

निवृत्तीनंतर फुलपाड्याच्या फ्लॅटमध्ये मला करमेना. पण वटारला जायचं मी टाळत होते. काय तोंड घेऊन जाणार? शेवटी रेजिनाबाईचाच निरोप आला, केळफूल घ्यायला या. गेले.

वाडीत शिरले तर खणखणीत भांडण ऐकू आलं. बावखलाच्या काठी, म्हणजे वाडी शिंपायच्या त्यांच्या तळ्याच्या काठी, परेरा खुर्ची टाकून बसले होते, आणि रेजिनाबाई खाली केळीची पानं कापत होती. परेरा ओरडत होते, "चूक! साफ चूक! मोरचुदाला एवढा चुना कुठे लागतो? परत कर!" केळीवर फवारायला मोरचूद आणि चुन्याचं पाणी करतात, त्याचा हिशोब चालला होता. रेजिनाबाई शांतपणे कोयता चालवत म्हणाली, "बरं. मग सात."

"सात? अगं, मघाशी तू दोन म्हणालीस! पहिल्यापासून कर. मीही करतो." आणि ते बोटांवर मोजायला लागले. चेहरा लाल, डोळ्यांत जान. लॅबमध्ये आकडा जुळल्यावर दिसायचे त्याहूनही तरतरीत.

रेजिनाबाईने मला घरात नेलं आणि केळफूल पिशवीत भरता भरता सांगितलं. "मला काय येतंय बाई, त्यातलं? मी मनाला येईल तो आकडा सांगते. जुळला नाही की तो म्हणतो परत कर. मग दोघांनी पहिल्यापासून. अशी आख्खी दुपार जाते." मग हळूच म्हणाली, "माझ्यापुढे त्याला वाटतं की त्याचंच बरोबर."

मला त्या बाईचा असा हेवा वाटला, विचारू नका. आयुष्यभर मी त्या माणसाला बरोबर उत्तरं दिली. त्यांना जे हवं होतं ते हिच्याकडे पोतंभर होतं.

बाहेर आले तेव्हा परेरांनी माझ्याकडे बघितलं. ओळखलं की नाही, देव जाणे. नाव काही घेतलं नाही. पण खुर्ची थोडी वळवली, पाठ माझ्याकडे केली, आणि बावखलाकडे तोंड करून बसले. थोड्या वेळाने विचारलं, "तुमचं किती आलं, बाई?"

मोरचुदाचा हिशोब मी घरातून ऐकतानाच करून टाकला होता. सवय मेली जात नाही. उत्तर जिभेवर होतं.

"माझं अजून व्हायचंय, परेरा," मी म्हटलं. "तुमचं आधी सांगा."

त्यांनी सांगितलं, मोठ्याने, एकट्याने. माझ्या आधी. आणि मग वळून हसले.

"जुळलं," मी म्हटलं.